मागे सरकणाऱ्या तोफा

‘बॅटरी’ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? हातातली विजेरी, मोटारीतील जड काळी पेटी, किंवा प्रयोगशाळेतील विद्युत्घटांची रांग. परंतु हा शब्द विजेच्या शास्त्रात आला तो तोफखान्यातून. एकत्र मांडून डागावयाच्या तोफांच्या संचाला बॅटरी म्हणत असत. १७४९ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन याने काचेच्या अकरा तावदानांना शिशाचे पत्रे लावून विद्युत् साठविण्याची साधने तयार केली व ती एकमेकांना जोडली. एकेकट्या साधनापेक्षा त्या सर्वांचा मिळून बसणारा धक्का फारच जबर होता. त्या मांडणीला त्याने ‘विजेची बॅटरी’ म्हटले आणि ते नाव कायम झाले.

या लेखात आपण मूळच्या, म्हणजे तोफांच्या एका बॅटरीची हकीकत पाहणार आहोत. गतिविषयक नियमांच्या धड्यात ‘बंदुकीचा प्रतिक्षेप’ हे उदाहरण तुम्ही सोडवलेले असेलच. तेच उदाहरण २ जुलै १८६३ रोजी संध्याकाळी सहा तोफा आणि शंभरएक माणसे यांच्या बाबतीत प्रत्यक्ष कसे घडले, ते पाहू. ही हकीकत वाचताना एक गोष्ट हमखास चुकीची समजली जाते. ती आपण गणित मांडून तपासू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. त्यांच्याविरुद्ध संघराज्याचे, म्हणजे ‘युनियन’चे, सैन्य लढले. (याच युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचे भाव भडकले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच वेगाने कोसळले. त्यात मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या.) युनियनच्या खड्या फौजेजवळ तोफखाना थोडा होता. म्हणून राज्याराज्यांनी स्वयंसेवकांच्या बॅटऱ्या उभ्या केल्या. मॅसॅच्युसेट्स राज्याची नववी बॅटरी ऑगस्ट १८६२ मध्ये उभी राहिली. काल-परवापर्यंत दुकानात, कारखान्यात नाहीतर शेतावर काम करणारे हे लोक. त्यांना राजधानी वॉशिंग्टनच्या संरक्षणासाठी ठेवले आणि तेथे जवळजवळ वर्षभर त्यांच्या वाट्याला कवायतीशिवाय काही आले नाही. १८६३ च्या आरंभी हार्वर्ड विद्यापीठातून बाहेर पडलेला, विशीतला कॅप्टन जॉन बिगेलो त्यांच्यावर अधिकारी म्हणून आला. शिस्तीच्या बाबतीत तो फार कडक होता. कवायत, पुन्हा कवायत, आणि घोड्यांची निगा. त्यांनी खरी लढाई पाहिली ती थेट गेटिसबर्गला.

तोफ आणि तिची माणसे

बॅटरीजवळ सहा ‘नेपोलियन’ तोफा होत्या. हे नाव फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावरून पडले. तोफ ब्राँझची, म्हणजे नऊ भाग तांबे व एक भाग कथील यांच्या मिश्रधातूची. नळी आतून गुळगुळीत. तिचा आतला व्यास ११.७ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ५५७ किलोग्रॅम. लाकडी तोफगाडा धरून एकूण वजन सुमारे १०७० किलोग्रॅम होई. आपल्याकडील किल्ल्यांवर पाहिलेल्या तोफांप्रमाणे हीही तोंडाकडूनच भरावयाची. भरीव लोखंडी गोळ्याचे वजन साधारण ५.६ किलोग्रॅम, त्यामागे सव्वा किलोला थोडी कमी दारू. गोळा नळीतून बाहेर पडे तो सेकंदाला सुमारे ४३९ मीटर वेगाने. आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, हे येथे आठवावे.

प्रत्येक तोफेवर सात गोलंदाज असत. त्यांना नावाने नव्हे तर क्रमांकाने हाक मारीत. पहिल्याने ओल्या पोचाऱ्याने नळी आतून पुसावयाची, कारण मागच्या बाराची ठिणगी आत राहिली तर नवी दारू हातातच पेटेल. दुसऱ्याने दारूची थैली आणि गोळा तोंडात ठेवावयाचा, पहिल्याने गजाने तो ठासावयाचा. हे चालू असताना तिसऱ्याचे काम दिसावयास अगदी क्षुल्लक: कातड्याचे अंगुस्तान घालून तोफेच्या कानावर, म्हणजे बत्तीच्या छिद्रावर, अंगठा घट्ट दाबून धरणे. पण विचार करा. सायकलच्या पंपाप्रमाणे गज आत जाताना नळीतील हवा कानावाटे जोराने बाहेर पडू लागली, तर आतली एखादी धुमसती चिंधी फुंकर घातल्यासारखी फुलेल. अंगठा ढळला तर गज धरणाऱ्याचे हात जातील! चौथा दोरी ओढून घर्षणाने पेटणारी नळी पेटवी. बाकीचे तिघे दारूगोळा आणून देत. तयार माणसे मिनिटाला दोन नेमके बार काढीत. शत्रू अगदी अंगावर आला म्हणजे नेम धरण्याचे कारण उरत नसे आणि वेग वाढे.

दारूगोळ्याची एक पेटी म्हणजे ३२ बार. प्रत्येक तोफेमागे अशा चार पेट्या, म्हणजे १२८ बार. ही संख्या लक्षात ठेवा; पुढे तिचे काम आहे. पेटीत भरीव गोळे, फुटणारे गोळे असे प्रकार असत आणि फक्त चार ‘कॅनिस्टर’. कॅनिस्टर म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात लाकडाच्या भुशात बसविलेल्या २७ लोखंडी गोळ्या. तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच डबा फाटे आणि गोळ्या पसरत जात. तीन-चारशे मीटरच्या पलीकडे याचा उपयोग नाही, पण त्याच्या आत पायदळाच्या रांगेला याच्याइतके भयंकर दुसरे काही नव्हते.

तोफ ओढण्यास सहा घोडे लागत. तोफगाड्याला दोनच चाके असून मागे एक जाड लाकडी शेपूट असे. प्रवासात हे शेपूट उचलून ‘लिंबर’ नावाच्या दुचाकी गाड्याच्या आकड्यात अडकवीत आणि लिंबरला घोडे जुंपीत. तोफ, लिंबर व भरलेली पेटी मिळून सुमारे १७५० किलोग्रॅम वजन, म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला २९० किलोग्रॅम. दारूगोळ्याच्या गाड्यांना आणखी प्रत्येकी सहा घोडे. घोडे नसतील तर बॅटरी हे नुसते धातूचे ओझे. ही गोष्ट शत्रूच्या बंदूकवाल्यांनाही पक्की ठाऊक होती.

मागे बसणारा धक्का

आता गणिताकडे वळू. बार होण्यापूर्वी तोफ आणि गोळा दोन्ही स्थिर आहेत, म्हणून एकूण संवेग शून्य. बार झाल्यावर गोळ्याला पुढच्या दिशेने जेवढा संवेग मिळतो, तेवढाच तोफेला मागच्या दिशेने मिळाला पाहिजे.

गोळ्याचा संवेग = ५.६ × ४३९ = सुमारे २४५८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद.

तोफेचा प्रतिक्षेप वेग = २४५८ ÷ १०७० = सेकंदाला सुमारे २.३ मीटर.

क्रमिक पुस्तकातील उदाहरण येथे संपते. खरी तोफ मात्र येथे थांबत नाही. गोळ्यामागून जळलेल्या दारूचे वायू आणि धूरही प्रचंड वेगाने बाहेर पडतात. त्यांनाही संवेग असतो. तो धरला म्हणजे तोफेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर मानण्यास हरकत नाही. एक टनाचे धूड धावत्या माणसाच्या वेगाने मागे येते! म्हणून बाराच्या वेळी चाकांच्या मागे कोणी उभे राहत नसे. हल्लीच्या तोफांत धक्का गिळून नळी पुन्हा जागेवर आणणारी यंत्रणा असते. नेपोलियन तोफेत तसे काही नव्हते. प्रत्येक बारानंतर ती मागे जाई आणि दर वेळी गोलंदाजांनी चाकांना खांदे लावून तिला ढकलत पुन्हा पुढे आणावयाची. जुलैच्या उन्हात तास-दीड तास हे करून पाहा म्हणजे तिसऱ्या नियमाविषयी वेगळाच आदर वाटू लागेल.

(शिक्षकांसाठी एक प्रयोग: जाड परीक्षानळीत थोडे पाणी घालून तोंडाला बूच सैलसर बसवावे. नळी दोन दोऱ्यांनी आडवी टांगून तळाशी तापवावी. वाफेच्या दाबाने बूच उडते आणि नळी उलट दिशेला झोका घेते. हा प्रयोग शिक्षकांनीच, मुलांना दूर उभे करून करावा. बूच घट्ट दाबून बसवू नये.)

दोन जुलैची संध्याकाळ

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या गावाजवळ १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस लढाई झाली. दुसऱ्या दिवशी युनियनचा सेनापती डॅनियल सिकल्स याने आपल्या तुकड्या वरून ठरवून दिलेल्या रांगेपासून पुढे, पीचच्या एका बागेपर्यंत नेल्या. त्यामुळे रांगेला पुढे आलेले टोक निर्माण झाले आणि त्याच्यावर दोन बाजूंनी मारा होऊ लागला. ही फट बुजविण्यासाठी राखीव तोफखान्यातून बॅटऱ्या मागविल्या गेल्या. त्यांचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल फ्रीमन मॅकगिल्व्हरी. मूळचा हा मेन राज्यातला, व्यापारी जहाजावरचा कप्तान. नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी त्याच्या हाताखाली होती.

दुपारी चारनंतर बिगेलोच्या सहा तोफा बागेच्या पूर्वेस रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि तास-दीड तास त्यांनी मारा केला. काळी दारू जळाली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपाने उरतो. तोच तो दाट पांढरा धूर. त्या धुरातून त्यांना फारसे दिसत नव्हते. सहाच्या सुमारास मिसिसिपीच्या पलटणींनी बाग घेतली. शेजारच्या बॅटऱ्या घोडे जुंपून निघून गेल्या. बिगेलोची बॅटरी मागे राहिली. उजवीकडून मिसिसिपीचे लोक येत होते, समोरून दक्षिण कॅरोलिनाचे.

आता तोफा लिंबरला जोडून निघावे, तर जोडण्याच्या त्या मिनिटा-दोन मिनिटांत तोफा मुक्या राहणार आणि तेवढ्यात बंदूकवाले घोडे टिपणार. म्हणून बिगेलोने निराळा मार्ग धरला. तोफगाड्याचे शेपूट आकड्यात न अडकवता ते एका लांब, जाड दोराने लिंबरला बांधावयाचे. तोफखान्याच्या भाषेत या दोराला ‘प्रोलाँज’ म्हणतात. तोफेचे तोंड शत्रूकडे, शेपूट जमिनीवर घासत, दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडे. चार पावले मागे, थांबा, बार. पुन्हा मागे, थांबा, बार. अशा रीतीने सुमारे ३६५ मीटर अंतर मागे येत त्यांनी एब्राहॅम ट्रोसल नावाच्या शेतकऱ्याचे घर गाठले.

या माघारीची वर्णने वाचताना असे वाटते की, तोफा धक्क्यानेच मागे मागे येत होत्या. दर बाराला एक उडी, आणि दोर केवळ दिशा देण्यापुरता. कल्पना मोठी आकर्षक आहे. न्यूटनने जणू बॅटरी ओढून नेली! हिशेब मात्र काय म्हणतो ते पाहू.

तोफ सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे निघाली. तिला थांबविते ते गवताळ, खडबडीत जमिनीचे आणि घासणाऱ्या शेपटाचे घर्षण. घर्षण गुणांक ०.३ धरू. (हा आपला अंदाज आहे; तुम्ही ०.२ किंवा ०.४ धरून पुन्हा करून पाहा.) थांबेपर्यंत कापलेले अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × ०.३ × ९.८) = ९ ÷ ५.८८ = सुमारे दीड मीटर. मग ३६५ मीटर मागे यावयास प्रत्येक तोफेने किती बार काढावयास हवेत? जवळजवळ २४३! आणि तोफेजवळ सगळे मिळून असतात १२८, त्यांतलेही कित्येक आधीच्या दीड तासात उडालेले. मिनिटाला दोन बार या हिशेबाने दोन तास लागते ते वेगळेच. घर्षण अर्ध्यावर आणले तरी बार पुरत नाहीत. तेव्हा तोफा मागे आणल्या त्या घोड्यांनी. धक्क्याचा वाटा फार तर काही मीटरांचा.

मग धक्क्याचा उपयोग काहीच नाही का? माझ्या मते आहे, पण तो निराळ्या जागी आहे. एरवी प्रत्येक बारानंतर तोफ ढकलून पुढे न्यावी लागते. माघार घेताना ती मागे आलेलीच हवी असते, त्यामुळे ढकलण्याचे सारे श्रम वाचले. थकलेल्या, अपुऱ्या माणसांना तोफ भरण्यापलीकडे काम उरले नाही. शिवाय शेपूट जमिनीवरच असल्यामुळे घोडे थांबले की तोफ तयार. उचलणे नाही, जोडणे-सोडणे नाही. वर्षभराच्या कवायतीवाचून हे जमले नसते. सहा तोफांचे दोर, धुरात बुजलेले घोडे आणि भोवती बंदुकांचा मारा, यांतून एकही दोर चाकात न गुंतवता येणे हे काही नियमाने आपोआप होत नाही.

ट्रोसलचे कुंपण

ट्रोसलच्या घराजवळ दगडी कुंपणाचा कोपरा होता. तेथे पोचल्यावर बिगेलो तोफा लिंबरला जोडून फाटकातून बाहेर काढण्याच्या विचारात असतानाच मॅकगिल्व्हरी घोडा फेकीत आला. मागे प्लम रन नावाचा ओढा आणि त्याच्या पलीकडे मोठे खिंडार. तेथे युनियनचे पायदळ नव्हते. मिळतील त्या बॅटऱ्या गोळा करून आपण तेथे तोफांची रांग लावतो; ती लागेपर्यंत काहीही झाले तरी ही जागा सोडू नका, असा त्याने हुकूम दिला.

पुढच्या अर्ध्या तासाचे फार वर्णन करणार नाही. जागा इतकी अरुंद की तोफा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. समोर जमिनीला उंचवटा असल्याने शत्रू दिसे तोच पन्नासएक मीटरवर. दारूगोळा पेट्यांतून काढून तोफांशेजारी जमिनीवर मांडला आणि कॅनिस्टर सुरू झाले. एका पेटीत चार, म्हणजे सहा तोफांच्या चोवीस पेट्यांत मिळून ९६ कॅनिस्टर. बॅटरीच्याच लोकांनी पुढे दिलेल्या हिशेबाप्रमाणे त्या दिवशी त्यांतली ९२ उडाली. मिसिसिपीची एकविसावी पलटण बाजूने शिरून लिंबरांवर चढली, तेव्हा कोठे बिगेलोने उरल्यासुरल्या माणसांना निघण्यास सांगितले. दोन तोफा निसटल्या: एक फाटकात उलटली, ती सरळ करून नेली, दुसरी घोड्यांनी दगडी कुंपणावरून ओढून काढली. चार तोफा तेथेच राहिल्या.

चार अधिकाऱ्यांपैकी एरिक्सन ठार झाला, व्हिटेकर जखमांनी पुढे मरण पावला आणि बिगेलो जखमी झाला. शंभरएक माणसांपैकी पंचवीसहून अधिक पडली. घोड्यांचा नेहमी दिला जाणारा आकडा असा: ८८ पैकी ८० मेले किंवा निकामी झाले. तोफा का सोडाव्या लागल्या याचे उत्तर या एका आकड्यात आहे. दारू संपत आली होती हे खरे, पण दारू असती तरी ओढणार कोण?

बिगेलोला रणातून बाहेर काढले ते बॅटरीचा बिगुलवाला चार्ल्स रीड याने. त्याने कॅप्टनला घोड्यावर बसविले आणि दोन्ही बाजूंच्या गोळीबारातून घोडा हाताने धरून चालत आणला. तोवर ओढ्यापलीकडे मॅकगिल्व्हरीच्या तोफा लागल्या होत्या. मिसिसिपीचे लोक तेथे अडले. मग युनियनचे पायदळ येऊन पोचले आणि त्याच संध्याकाळी बिगेलोच्या चारही तोफा परत मिळाल्या. उरलेल्या दोन तोफा घेऊन लेफ्टनंट मिल्टन दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा होता. नव्या माणसांनी आणि घोड्यांनी बॅटरी पुन्हा भरली गेली. १८६४ मध्ये ती व्हर्जिनियातील मोहिमेत आणि पीटर्सबर्गच्या वेढ्यात होती. जून १८६५ मध्ये ती मोडली आणि माणसे घरी गेली.

मॅकगिल्व्हरीचा शेवट शास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचार करावयास लावणारा आहे. ऑगस्ट १८६४ मध्ये त्याच्या एका बोटाला जखम झाली. ती चिघळली, म्हणून सप्टेंबरमध्ये बोट कापावयाचे ठरले. गुंगीसाठी क्लोरोफॉर्म दिला आणि त्यातच तो गेला. क्लोरोफॉर्मची मात्रा थोडी वाढली तर हृदय बंद पडू शकते. ती अचूक मोजून देण्याची साधने तेव्हा रणभूमीवर नव्हती.

रीड उत्तम चित्रकार होता. तोफखान्यातील शिपायांच्या रोजच्या जीवनाविषयी १८८७ मध्ये निघालेल्या एका पुस्तकातील चित्रे त्याने काढली: तंबू, खेचरे, बुरसटलेली बिस्किटे, चिखलात रुतलेले गाडे. त्या संध्याकाळच्या कामगिरीबद्दल त्याला १८९५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

ट्रोसलचे कोठार अजून उभे आहे. त्याच्या विटांच्या भिंतीत तोफगोळ्याने पाडलेले भोक आजही दिसते. लढाईनंतर थोड्याच दिवसांत टिमोथी ओ’सलिव्हन या छायाचित्रकाराने त्या अंगणाची छायाचित्रे घेतली. त्यांत माणसे दिसत नाहीत, तोफाही नाहीत. घरासमोर, कुंपणापर्यंत, साज चढवलेले घोडे पडलेले आहेत. दाराजवळच सोळा होते, असे त्या घरच्या बाईने पुढे लिहिले आहे.